जागा धरणारा ठोकळा

१

शनिवारी शाळा साडेअकराला सुटे. दप्तर घरी टाकून पेन्सिल बाबांचा डबा घेऊन छापखान्यात जाई. पेन्सिल हे काही तिचं पटावरचं नाव नव्हतं. अंगानं बारीक आणि बोलायला मोजकी, म्हणून बाबांनी लाडानं ठेवलेलं ते नाव पुढे सगळ्यांच्याच तोंडी बसलं. मशीन चालवणारे काका म्हणत, हिला बोलतं करायचं तर आधी टोक काढावं लागेल.

छापखाना रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली होता. खिडक्या वर, छताला लागून, त्यामुळे आतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. शाईचा, रॉकेलचा आणि जुन्या कागदाचा वास एकत्र येई. बाबा तिथले जुळारी. मजकुरातलं एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळीत लावायचं, लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून आवळायचं, आणि छपाई झाली की सगळी अक्षरं पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायची, हे त्यांचं काम. शेवटचा भाग शनिवारी पेन्सिलकडे असे. छपाईची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात, पण ती पुस्तक वाचावं तितक्या सहज वाचत असे.

बावीस वर्षं वाकून काम करूनही बाबा उभे राहत ते पट्टीनं आखल्यासारखे. काका म्हणत, या माणसाच्या पाठीला लावून भिंत बांधली तर ओळंबा लागायचा नाही. बाबांना ते आवडे. ओळीच्या बाबतीत ते फार कडक होते. केसभर वाकडी ओळ त्यांना दहा पावलांवरून खुपत असे.

त्या शनिवारी दगडी टेबलाशेजारी एक नवं कपाट उभं होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या छापखान्यातून मालकांनी आणलेलं. आत वीतभर उंचीची लाकडी अक्षरं होती. पेन्सिलनं तसली अक्षरं कधी पाहिली नव्हती. जाड भाग तिच्या मनगटाएवढा, आणि त्याला लागूनच केसासारखी बारीक रेघ. मधलं काही नाहीच. जाडी एकदम संपायची आणि रेघ सुरू व्हायची. प्रत्येक टोकाला छोटा धारदार पाय. आणि सगळीच्या सगळी एका बाजूला कललेली, वाऱ्यात चालणाऱ्या माणसांसारखी.

"ही पुस्तकात लावायची नाहीत," बाबा हात पुसत म्हणाले. "ही लांबून हाक मारायला."

सगळ्यात खालच्या खणात एक ठोकळा होता, त्यावर अक्षरच नव्हतं. वरची बाजू घासून आरशासारखी केलेली, खालची खरखरीत, करवतीच्या खुणा असलेली.

काका वाकून बघत म्हणाले, "कोरणारा जेवायला गेला असेल. येईल."

२

पहिलं काम नाटकाच्या पोस्टरचं आलं. तीन शब्द, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुळवता जुळवता एक अक्षर कमी पडलं.

अशा वेळी जुळारी काय करतात ते पेन्सिलला ठाऊक होतं. तेवढ्याच रुंदीचा दुसरा ठोकळा घ्यायचा आणि तो पालथा, पाय वर करून, त्या जागी बसवायचा. कच्च्या छापात तिथे नुसता काळा चौकोन उमटतो. इथे अजून काहीतरी यायचंय, एवढंच तो सांगतो. अक्षर मिळालं की तो काढायचा. बाबा त्याला जागा धरणं म्हणत. बसमध्ये सीटवर रुमाल टाकतात ना, तसं.

बाबांनी तो कोरा ठोकळा उचलला आणि सवयीनं पालथा बसवला. शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दाबला, सोलून काढला.

अक्षरं अशी उठली की काकांनी मशीन थांबवलं. सगळे बघत राहिले. पेन्सिलही बघत होती, पण अक्षरांकडे नाही. ती काळ्या चौकोनाकडे बघत होती. तो चौकोन नव्हताच. बाजूच्या अक्षरांइतकाच तोही कलला होता.

तिनं कुणाला न सांगता ठोकळ्याला कंपासपेटीतला गुण्या लावला. चारही कोपरे काटकोनात. छापावर लावला, तर काटकोन कुठेच नाही.

तिनं हळूच काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. कागद सरकला असेल, ते म्हणाले. मग स्वतःच जरा थांबले, कारण कागद सरकला असता तर शाई फराटली असती. कडा तर सुरीनं कापल्यासारख्या होत्या.

"पेन्सिल, तू फार बघतेस," ते म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

बाबांनी पालथा ठोकळा काढून तिथे दुसऱ्या संचातलं अक्षर बसवलं. पोस्टरं छापून झाली. ठोकळा पेन्सिलनंच त्याच्या खणात ठेवला. ठेवताना तिच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. घासलेल्या बाजूवर, अगदी कोपऱ्यात, एक रेघ होती. केसासारखी.

३

घरी पहिल्यांदा कानाला कळलं, मग डोळ्यांना.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना लाकडी. रोज सात वाजता बाबांची पावलं वाजत, सगळी सारखी, मोजून ठेवल्यासारखी. आई ती ऐकून चहाचं आधण ठेवी. त्या आठवड्यात पेन्सिल अभ्यास करत होती आणि जिन्यावर कुणीतरी अनोळखी चढत होतं. एक पाऊल जड, फळी कण्हेल इतकं. दुसरं इतकं हलकं की ते पडलं की नाही याचीच शंका यावी. जड, मग जवळजवळ काहीच नाही. पुन्हा जड.

दारात बाबा उभे होते.

आईनं विचारलं, पाय मुरगळला का. ते म्हणाले, नाही, का? त्यांना खरंच काही जाणवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाराच्या चौकटीत उभे राहून सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांच्या पाठीशेजारी चौकटीची कड सरळ उभी होती. पेन्सिलनं खाटेवर बसल्या बसल्या कोनमापक डोळ्यासमोर धरला. चार अंश, उजवीकडे.

तिनं स्वतःला समजावलं की डोळा आणि कोनमापक यांच्यात फरक पडतोच. चौकटही जुनी आहे. माणूस काही भूमितीची आकृती नसतो.

पुढच्या रविवारी सात अंश भरले.

शनिवारी तिनं अक्षरं मोजून ठेवली होती. छापलेली अक्षरं बारा अंश कललेली होती, एकूण एक.

४

डॉक्टरांनी बाबांच्या पाठीचा फोटो काढला आणि काही नाही म्हणून सांगितलं. उशी बदला, म्हणाले. आईनं उशी बदलली, मग गादी बदलली, मग रात्री तेल लावायला लागली. तेल लावताना तिचा हात थांबायचा ते पेन्सिलला दिसायचं. बाबांची पाठ रुंद होत चालली होती, सदरा खांद्यावर ताणून बसायचा. आणि मनगटं बारीक होत चालली होती. घड्याळाच्या पट्ट्याला आईनं दोनदा नवं भोक पाडलं. जाड आणि बारीक, मधलं काहीच नाही.

"अंग उतरतंय तर सगळीकडून उतरेल ना," आई स्वयंपाकघरात पुटपुटली. ती पेन्सिलशी बोलत नव्हती, तरी उत्तराची वाट बघत असावी तशी थोडा वेळ थांबली.

गावभर ती पोस्टरं लागली होती. शाळेच्या भिंतीवर, दवाखान्यासमोर, पुलाच्या खांबांवर. खरंच ती लांबून हाक मारत. आता प्रत्येकाला तीच अक्षरं हवी होती. बाबा सकाळी लवकर जात. पूर्वी ते जेवताना कुणाची ओळ कशी वाकडी आली ते सांगत, हसत, काकांची नक्कल करत. आता ते गप्प जेवत.

एकदा पेन्सिलनं धीर करून विचारलं, "बाबा, तुम्हाला दुखत नाही का?"

त्यांनी विचार केला. ते नेहमी तिच्या प्रश्नांचा विचार करून उत्तर देत.

"दुखत नाही गं. उलट बरं वाटतं. सरळ उभी अक्षरं बघितली की आता वाटतं, ही का थांबलीत?"

एवढं बोलून ते पुन्हा जेवायला लागले.

५

पोस्टरनंतरच्या तिसऱ्या शनिवारी तिनं खालचा खण उघडला.

ठोकळ्यावर आता बरंच काही होतं. वरून एक जाड वळण खाली उतरत होतं. त्यातून दोन बारीक रेघा पुढे आल्या होत्या, काहीतरी धरल्यासारख्या. खाली दोन टोकं, एक जाड, एक बारीक. लाकूड ताजं कापल्यासारखं पांढरं होतं, पण खणात भुसा नव्हता.

"बाबा, हे तुम्ही कोरताय?"

"मी? मला कुठे कोरता येतं?" त्यांनी ठोकळा हातात घेतला, आणि तिच्यापासून जरा लांब धरला, जसा कुणी आपला फोटो बघावा. "छान होतंय मात्र. पुरं झालं की एक छाप काढून बघू."

काकांना विचारलं तर ते म्हणाले, कुठलंही अक्षर नाही हे. ना आपल्यातलं, ना दुसऱ्या कुठल्या लिपीतलं. चाळीस वर्षांत सगळ्या लिप्या हाताखालून गेल्यात, हे नाही पाहिलं.

बाबा पाठमोरे झाल्यावर पेन्सिलनं ठोकळा रद्दीच्या टोपलीत तळाशी घातला. तासाभरानं तो परत खणात होता. काकांनीच ठेवला होता. छापखान्यात लाकूड टाकत नाहीत, ते तिला समजावत म्हणाले. काकांवर रागवावं असं त्यात काही नव्हतं.

ती टेबलाशी उभी राहून त्या आकाराकडे बघत राहिली. पुढे आलेल्या रेघांपैकी एकीच्या टोकाला इतर अक्षरांसारखा धारदार पाय होता. दुसरीच्या टोकाला नव्हता. ती रेघ जरा आधीच तुटली होती, बोथट.

बाबांची डाव्या हाताची करंगळी पेरापासून नाही. पेन्सिलचा जन्म व्हायच्या आधी कागद कापायच्या यंत्रात गेली.

खिडकीबाहेरून कुणाचे तरी पाय गेले. मशीन धडधडत होतं. पेन्सिलनं कपाटाचे वरचे खण एकामागून एक उघडले. इतके आठवडे तिनं ती अक्षरं वाचली होती. आता पहिल्यांदाच तिनं ती वाचली नाहीत, नुसती पाहिली. वाकलेल्या पाठी. दुमडलेले गुडघे. कुणाचा तरी लांब केलेला हात. एकाची मान इतकी बारीक की डोकं कशावर आहे तेच कळू नये. सगळी एकाच बाजूला झुकलेली, कुठेतरी निघालेली, लाकडात.

तिनं खण बंद केले. हळूच, आवाज न करता, जसं झोपलेल्या घरात करतात.

६

पुढच्या शनिवारी सकाळी दाराच्या चौकटीत अकरा अंश भरले. शाळेत तिला एक अक्षर सुचलं नाही.

ती डबा घेऊन पोहोचली तेव्हा लोखंडी चौकट टेबलावर तयार होती, वरच्या बाजूला अक्षरांची एक ओळ. मधोमध तो ठोकळा, कोरलेली बाजू वर. एक रेघ तेवढी पुरी व्हायची होती, पायाजवळची. शाई काढून ठेवली होती.

"आलीस? बरं झालं," बाबा म्हणाले. "आता बघू कसा उठतो." ते तिच्याकडे बघत होते, पण मान वळवून नाही. सगळंच अंग वळवून. आवाजही कधी जाड, कधी ऐकू न येण्याइतका बारीक येत होता.

पेन्सिल म्हणाली, आधी जेवून घ्या, डबा गार होईल. ती असं कधी सांगत नसे. कदाचित म्हणूनच त्यांनी ऐकलं. ते हात धुवायला मागच्या मोरीकडे गेले. जड पाऊल. काहीच नाही. जड पाऊल.

तिच्याकडे फार वेळ नव्हता. ठोकळा पळवला तर काका परत आणतील, नाहीतर बाबाच शोधतील. आणि बाबांना डोळ्यासमोर कलताना बघून तिच्या मनात दुसरं काही येईना. जुळाऱ्याच्या मुलीला सुचेल तेच तिला सुचलं. चुकीचं अक्षर आहे ना, मग ते पालथं घाल. काळा चौकोन उमटू दे. इथे अजून काही आलेलं नाही, एवढंच कळू दे.

तिनं पाचर सैल केली, ठोकळा उचलला, उलटा केला. खरखरीत बाजू वर. पाचर ठोकली. रूळ फिरवला, कागद ठेवला, अंगाचा भार टाकून दाबला. कागद सोलून काढला तेव्हा मधोमध काळा चौकोन होता. कललेला, पहिल्यासारखाच.

मोरीत पाण्याचा आवाज थांबला.

मग पावलं आली. एक. दोन. तीन. सगळी सारखी.

बाबा टेबलाशी उभे राहिले. टॉवेल खांद्यावर होता. त्यांनी छापाकडे बघून कपाळाला आठी घातली. "हे काय, अजून जागाच धरून ठेवलीय? आणि ही वरची ओळ बघ, केवढी वाकडी आलीय. कुणी लावली?"

"तुम्हीच," काका मशीनवरून ओरडले. "म्हातारे झालात."

बाबा हसले, काकांच्याच आवाजात काहीतरी म्हणाले. त्यांची पाठ कपाटाच्या कडेला समांतर होती. पेन्सिलला कोनमापकाची गरज पडली नाही. ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

निघताना तिनं ठोकळा खणात ठेवला. घासलेली बाजू पुन्हा कोरी होती, आरशासारखी. इतकी कोरी की तिला आधी हायसं वाटलं. मग तिनं अंगठा फिरवला.

७

शाळेच्या प्रार्थनेत कवायतीच्या बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला. सरळ उभी राहा, म्हणाल्या. ती सरळच उभी होती.

बुधवारी संध्याकाळी ती टेबलाशी बसून निबंध लिहीत होती. आई चहा गाळत होती. बाबा समोर बसून तिच्या वहीकडे उलट्या बाजूनं बघत होते. उलटं वाचायची त्यांनाही सवय.

"अक्षर झकास आहे," ते म्हणाले. "पण जरा सरळ बस की गं."

"मी सरळच बसलेय, बाबा."

ते हसणार होते. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावर गेली, तिथून मानेवर, तिथून वहीवर पडलेल्या मनगटावर. केसभर वाकडी ओळ दहा पावलांवरून टिपणारी ती नजर. पेन्सिलनं मनगट मांडीवर लपवलं, पण उशीर झाला होता.

"कोरा ठोकळा होता ना तो, त्या दिवशीच्या छापातला," ते अगदी हळू म्हणाले. "पालथा कुणी बसवला?"

तिनं वही मिटली. आईनं दोघांसमोर चहा ठेवला आणि म्हणाली, आज दोघंही मौनात का? बाबांनी चहा तसाच ठेवला. बराच वेळ ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

शनिवारी सकाळी त्यांनी आपला डबा आपणच भरून घेतला. पेन्सिलनं सांगितलं की ती शाळा सुटल्यावर येते. तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता छापखान्यात यायचं नाही. नुसतं आजच नाही, कधीच नाही.

"बाबा, नका करू. त्यानं काही होत नाही," ती म्हणाली. "नुसती जागा बदलते."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मी जुळारी आहे."

आणि ते जिना उतरून गेले, सारख्या पावलांनी. तिनं शेवटच्या पायरीपर्यंत मोजली.

शाळा सुटल्यावर ती घरी येऊन खिडकीशी बसली. समोरच्या भिंतीवर नाटकाचं पोस्टर होतं, उन्हानं विटलेलं, तरी हाक मारणारं. साडेबारा वाजता तिचा उजवा खांदा वर आला. कुणी उचलल्यासारखा, हलकेच. मान मोकळी झाली. मनगटावर बांगडी पुन्हा घट्ट बसली. आई आतून म्हणाली, आज किती छान ताठ बसलीयस.

पेन्सिलनं कंपासपेटी उघडली नाही. ती तशीच बसून राहिली. चार वाजले, पाच वाजले, दिवे लागले. सात वाजता आईनं चहाचं आधण ठेवलं आणि गॅसजवळ उभी राहून जिन्याकडे कान लावला.

खालच्या पायरीवर एक पाऊल पडलं, जड, फळी कण्हेल इतकं.

मग दोघी दुसऱ्या पावलाची वाट बघत राहिल्या.